क्रिस्तपुराण आणि साष्टीचे ख्रिस्ती वर्ष

१/
इ.स. १६१६. गोव्यातील साष्टी प्रांत, राशोल गाव. येथील जेझुइटांच्या छापखान्यातून ओवीबद्ध काव्याचा एक मोठा ग्रंथ बाहेर पडला. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा, कथा बायबलची आणि कवी इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला. हा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’.

त्यातील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या अनेकांना ठाऊक असतात आणि बहुधा ओळख तेवढ्यावरच थांबते. हा ग्रंथ एकांतात वाचण्यासाठी नव्हता. रविवारी आणि सणांच्या दिवशी, मिस्सा आटोपल्यावर, तो चर्चमध्ये जमलेल्या लोकांसमोर वाचला जाई. म्हणजे त्याला एक पंचांग होते. या थ्रेडमध्ये त्या पंचांगाच्या वाटेने एक वर्ष चालायचे आहे.

२/
आधी पंचांगाची ओळख. ख्रिस्ती उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी सुरू होते. पहिला आगमनकाळ, मग नाताळ, मग राखेच्या बुधवारापासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थानाचा सण, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट आणि पुढे पुन्हा आगमनापर्यंतचे दीर्घ, साधे रविवार.

नाताळ सूर्याच्या गतीवर, तर पुनरुत्थानाचा सण चंद्राच्या गतीवर ठरतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार हा त्याचा ढोबळ नियम. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात सरकत राहतो. तिथी आणि अधिकमास यांची सवय असलेल्या समाजाला ही गणिताची रीत फारशी परकी वाटली नसावी.

३/
या वर्षाच्या प्रत्येक रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा, हे ठरलेले असे. १५७० मध्ये रोमने प्रसिद्ध केलेल्या मिस्साग्रंथात ही वाचने एका वर्षाच्या चक्रात बांधलेली होती. एक उतारा बहुधा प्रेषितांच्या पत्रांतला, दुसरा शुभवर्तमानातला. लिस्बन असो, क्राकाव असो की मडगाव, त्या रविवारी तोच उतारा वाचला जाई.

आणि सर्वत्र तो लॅटिनमध्ये वाचला जाई. साष्टीतल्या शेतकऱ्याला घंटा कळत होती, धूप कळत होता, गुडघे केव्हा टेकायचे तेही कळत होते. शब्द मात्र कळत नव्हते. क्रिस्तपुराण या मोकळ्या जागेत उभे राहिले.

४/
स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे होते. ते देश सोडून रोमला गेले, जेझुइट झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. पुढची सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांचे आयुष्य मुख्यतः साष्टीत गेले. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, हे त्यांनी १५८३ मध्येच आपल्या भावाला पत्रातून कळवले होते. कोकणीचे त्यांनी रचलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोललाच छापले गेले.

स्वतःच्या देशात ज्याच्या धर्मावर बंदी होती, तो माणूस दुसऱ्यांच्या धर्मावर बंदी घालणाऱ्या राज्याच्या आश्रयाने काम करीत होता. क्रिस्तपुराण वाचताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

५/
ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स एक प्रसंग सांगतात. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्यांना विचारतो. त्याच्या म्हणण्याचा भावार्थ असा : प्रार्थना आणि प्रश्नोत्तरे तुम्ही शिकवता ते ठीक, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे का देत नाही? ती असती तर आमचा वेळ सत्कारणी लागला असता.

हा प्रश्न काव्यातला आहे. तो प्रत्यक्षात याच शब्दांत विचारला गेला की नाही, हा वेगळा मुद्दा. तरीही कवीने तो ग्रंथाच्या उंबरठ्यावर ठेवला, ही नोंद महत्त्वाची. सगळ्या ग्रंथाचे कारण म्हणून तो एका अभावाकडे बोट दाखवतो, आणि तो अभाव कोणी निर्माण केला हेही लपवीत नाही.

६/
तो अभाव किती मोठा होता? १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या पहिल्या धर्मप्रांतीय परिषदेने हिंदू आचार, पुरोहित आणि धर्मग्रंथ यांच्यावर कठोर निर्बंध सुचवले. धर्मसभेचे न्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० पासूनच गोव्यात बसले होते.

देवळे गेली, तसे पंचांगही गेले. जत्रा नाही, पालखी नाही, श्रावणातल्या रात्री दिव्यापुढे पोथी नाही. १५६७ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा १६१६ मध्ये एकोणसाठ वर्षांचा होता. क्रिस्तपुराणाची पहिली ओवी कानी पडली तेव्हा चर्चच्या मागच्या बाजूला अशी माणसे बसलेली असणार. पुराण ऐकणे म्हणजे काय, हे त्यांना नव्याने शिकवण्याची गरज नव्हती.

७/
आता वर्षाला आरंभ. आगमनकाळ.

कोकणात या दिवसांत कापणी संपलेली असते, मळणी उरकलेली असते आणि हवेत पहिला गारवा येतो. त्या मिस्साग्रंथाप्रमाणे पहिल्या रविवारचे वाचन लूकच्या शुभवर्तमानातले, एकविसाव्या अध्यायातले. त्यात बाळाचा जन्म नाही. सूर्य-चंद्रात दिसणारी चिन्हे आहेत, समुद्राची गर्जना आहे, आणि अंजिराला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे जसे ओळखता तसा काळ ओळखा, असे सांगणे आहे. वर्षाचा आरंभच वाट पाहण्याने होतो.

८/
क्रिस्तपुराणाची रचना या ठिकाणी लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ ३६ अध्यायांचे, ज्यांना स्टीफन्स ‘अवस्वरू’ म्हणतात. ‘दुसरे पुराण’ ५९ अध्यायांचे. १९०७ च्या मंगळूर आवृत्तीत पहिल्यात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१, अशा एकूण १०,९६२ ओव्या आहेत.

पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद आणि संदेष्टे येतात. येशूचा जन्म होत नाही. चार हजारांहून अधिक ओव्या श्रोत्याला केवळ वाट पाहायची असते. ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक येशू ख्रिस्ताच्या जगातील ‘येण्या’विषयीचे निरूपण, अशा अर्थाचे आहे. म्हणजे पहिले पुराण हा एक विस्तीर्ण आगमनकाळच आहे.

९/
पण वाट कोण कशाची पाहत होते? ग्रंथातली प्रतीक्षा इस्राएलाची आहे : गुलामगिरी भोगलेल्या, मंदिर गमावलेल्या, परक्या नदीकाठी बसून रडलेल्या लोकांची. यरुशलेमचे मंदिर बाबिलोनच्या सैन्याने उद्ध्वस्त केले, ही जुन्या करारातली मध्यवर्ती आठवण आहे.

ही आठवण साष्टीतल्या श्रोत्यांना सांगितली जात होती. त्यांच्या ग्रामदैवताचे देऊळ जिथे होते तिथे आता चर्च किंवा क्रूस उभा होता. सांगणाऱ्याच्या मनात ही तुलना नव्हती. ऐकणाऱ्यांच्या मनात ती आली की नाही, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. कथा मात्र तीच होती, आणि कथेवर सांगणाऱ्याचा पूर्ण ताबा कधीच नसतो.

१०/
नाताळ. मध्यरात्रीच्या मिस्साचे वाचन लूकच्या दुसऱ्या अध्यायातले : शिरगणतीसाठी प्रवासाला निघालेले जोडपे, उतरायला न मिळालेली जागा, गोठ्यातली गव्हाण आणि रानातले मेंढपाळ. युरोपात हा सण वर्षातल्या सर्वांत काळोख्या दिवसांत येतो. गोव्यात तो वर्षातल्या सर्वांत सुखद दिवसांत येतो. भात घरात आलेले असते आणि रात्री शेकोटी पुरते.

ग्रंथाची भाषाही या भूमीच्या हवेत मिसळलेली आहे. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा शब्द बेधडक वापरतात. पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरिता सांतु’ हे पोर्तुगीज वळणाचे नाव तसेच ठेवतात. भाषा मराठी, तीत या प्रांतातल्या ब्राह्मणांच्या बोलीतले काही शब्द मिसळले आहेत, म्हणजे सर्वांना सहज कळावे, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. आज मराठी आणि कोकणी दोन्ही भाषा या ग्रंथाला आपला म्हणतात, आणि दोघींनाही त्याचा आधार ग्रंथातच सापडतो.

११/
नाताळानंतर तीनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, चर्च ‘निष्पाप बालकांचा’ दिवस पाळते. वाचन मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातले. हेरोद राजा बेथलेहेमातल्या बालकांची कत्तल करवतो. योसेफ रात्रीच उठून मूल आणि माता यांना घेऊन सीमेपलीकडे मिसर देशात जातो.

१५६० च्या दशकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांच्या मूर्ती भक्तांनी जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात नेल्या. तो मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. त्यामुळेच आज मंगेशी आणि कवळे येथे ती देवस्थाने आहेत. जे गेले त्यांच्याकडे देव राहिले. जे मागे राहिले त्यांच्याकडे जमीन राहिली, आणि बाप्तिस्मा आला. एकाच घराण्याच्या दोन शाखा नदीच्या दोन तीरांवर झाल्या. दरवर्षी २८ डिसेंबरला साष्टीच्या चर्चमध्ये रातोरात सीमा ओलांडणाऱ्या कुटुंबाची कथा वाचली जात होती, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

१२/
फेब्रुवारी. उपवासकाळाच्या तोंडावरचा एक रविवार जुन्या पंचांगात ‘सेक्साजेसिमा’ या नावाने ओळखला जाई. त्या दिवशीचे वाचन लूकच्या आठव्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दृष्टान्त. काही बी वाटेवर पडते, काही खडकावर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत.

युरोपातल्या शेतकऱ्याला हे ऋतूला धरून वाटत असणार. वसंतातली पेरणी जवळ आलेली असते. कोकणात मात्र खरिपाची पेरणी पावसाबरोबर जूनमध्ये होते. फेब्रुवारीत खाजण आणि खालच्या शेतांत वायंगणाचे पीक उभे असते, बाकी जमीन तापत असते. दृष्टान्त बरोबर होता, महिना चुकीचा होता.

१३/
मिशनरी स्वतःला पेरणारे समजत, आणि येथील मनाला कधी खडक, कधी काटेरी रान म्हणत. क्रिस्तपुराणाचा पुरावा वेगळेच सांगतो. ही जमीन पडीक नव्हती. ओवी कानांत होती, नमनाने आरंभ करण्याची रीत होती, श्रोता-वक्त्याच्या संवादातून कथा पुढे नेण्याची परंपरा होती. स्टीफन्स यांनी ती सारी उचलली.

ज्या पोथ्यांवर बंदी होती त्यांतल्या काही कथा मिशनऱ्यांनी भाषा शिकण्यासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या. रामायण-महाभारतातल्या कथांची अशी हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. ज्यांनी बंदी घातली त्यांच्याच कपाटात त्या जिवंत राहिल्या. स्टीफन्स यांच्या ओवीला जे पीक आले, त्यात नांगरलेल्या जमिनीचा वाटा पेरणाऱ्याइतकाच होता.

१४/
राखेचा बुधवार. कपाळाला राख लावली जाते. ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या फांद्यांची असते. वाचन योएल संदेष्ट्याचे आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचे. अंगावरची वस्त्रे फाडण्यापेक्षा अंतःकरण फाडा, असे योएल सांगतो. उपवास करताना चेहरा उदास करून लोकांना दाखवू नका, असे येशू सांगतो.

कपाळावरचे भस्म आणि ठरलेल्या तिथीचा उपवास या गोष्टी श्रोत्यांना नव्या नव्हत्या. नवी होती ती तिथी. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने नवख्रिस्ती लोकांसाठी निषिद्ध आचारांची जी लांबलचक यादी काढली, तीत एकादशीचा उपवास होता आणि अंगणातली तुळसही होती. धर्मांतराला दोन शतके होत आली तरी बंदी पुन्हा पुकारावी लागत होती, याचा अर्थ उघड आहे. कित्येक घरांत दोन्ही पंचांगे शेजारी शेजारी चालू होती.

१५/
शुभ शुक्रवार. योहानाच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायातली दुःखभोगाची कथा. बागेतली अटक, कोंबड्याचे आरवणे, सत्य म्हणजे काय असे विचारून उत्तराची वाट न पाहणारा राज्यपाल, आरडाओरडा करणारा जमाव, क्रूस.

ही कथा इतिहासात वाईट कामांसाठीही वापरली गेली. युरोपात या दिवशी यहुद्यांविरुद्ध द्वेष भडकत असे. गोव्यातले इन्क्विझिशनही आरंभी ज्यांच्या मागे लागले त्यांत यहुदी वंशाचे पोर्तुगीज ‘नवे ख्रिस्ती’ होते. राज्यसत्तेने आणि धर्माधिकाऱ्यांनी मिळून मारलेल्या माणसाची कथा राज्यसत्ता आणि धर्माधिकारी मिळून वाचीत होते.

१६/
जुलै १५८३ मध्ये साष्टीच्या दक्षिणेस कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना आणि त्यांच्यासोबतच्या लोकांना ठार मारले. रुदोल्फो आक्वाविवा हे त्यांचे प्रमुख; ते काही काळ अकबराच्या दरबारात राहून आलेले होते. कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांची देवळे याआधी उद्ध्वस्त झाली होती. जेझुइट तिथे चर्चसाठी जागा पाहायला आले होते. पुढे पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच काम करीत होते. मेलेले जेझुइट त्यांचे सहकारी होते, आणि ज्यांच्यासाठी पुढे त्यांनी ओव्या रचल्या ते याच प्रांतातले लोक होते.

त्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पोपने धन्यवादित घोषित केले आणि त्यांना पंचांगात दिवस मिळाला. असोळण्यात मारल्या गेलेल्यांना पंचांगात दिवस नव्हता. आता कुंकळ्ळीत त्यांचेही स्मारक आहे. दुःखभोगाच्या कथेत मरणाऱ्याच्या बाजूने उभे राहायचे असते. इथे मरणारे दोन्ही बाजूंना होते.

१७/
पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारी जुन्या विधीत एकामागून एक बारा उतारे वाचले जात. उत्पत्तीचा पहिला अध्याय, नोहाचा जलप्रलय, अब्राहामाची परीक्षा, तांबडा समुद्र ओलांडणे आणि पुढे संदेष्ट्यांची वचने. लॅटिनमधली ही बारा वाचने न समजणाऱ्याला किती लांबत असतील, याची कल्पना करता येते.

ज्याने पहिले पुराण ऐकले होते त्याला मात्र या सगळ्या कथा मराठीत ठाऊक होत्या. ‘नोए’ आणि ‘अब्राहाम’ ही नावे लॅटिनच्या ओघात कानी पडताच त्याला आपण कुठे आहोत हे कळत असणार. पुराणाने विधीची भाषा बदलली नाही. तिला आतून एक दिवा लावून दिला.

दुसऱ्या दिवशीचे वाचन मार्कच्या शेवटच्या अध्यायातले. पहाटे कबरेकडे निघालेल्या स्त्रियांना एकच चिंता असते : दारावरचा दगड कोण लोटील? जाऊन पाहतात तो दगड बाजूला झालेला असतो.

१८/
पेंटेकॉस्ट १० मे ते १३ जून या काळात येतो. युरोपात हे वसंताचे शेवटचे दिवस. गोव्यात आकाश भरून येण्याचे. वाचन प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय. मोठ्या वाऱ्याचा नाद होतो, अग्नीच्या जिभा दिसतात आणि यरुशलेमात जमलेला परदेशी जमाव चकित होतो, कारण प्रत्येकाला आपापल्या मायबोलीत बोलणे ऐकू येते.

ख्रिस्ती परंपरेत हा चर्चचा जन्मदिवस मानतात. म्हणजे त्या कथेत चर्च जन्माला येते ते एका भाषेत नव्हे. स्टीफन्स, आणि त्यांच्यामागून सेंट पीटरवर ओवीबद्ध पुराण रचणारे फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ, यांच्या कामाला याहून मोठा आधार शोधण्याची गरज नव्हती.

१९/
१६८४ मध्ये पेंटेकॉस्ट २१ मे रोजी होता. गोव्याच्या चर्चमधून प्रत्येकाला आपापल्या मायबोलीत ऐकू आल्याची कथा नेहमीप्रमाणे वाचली गेली. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी फर्मान काढले : लोकांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे.

क्रिस्तपुराण तोवर तीनदा छापले गेले होते, १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये. चौथी छपाई व्हायला अडीचशे वर्षे लागली. पहिल्या तीन छपाईंपैकी एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. ज्या सत्तेच्या परवान्याने ग्रंथ छापला गेला, त्याच सत्तेने त्याच्या भाषेला दार दाखवले.

२०/
मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी हाताने उतरवून घेतला म्हणून. गोव्यातले अनेक ख्रिस्ती दुष्काळ, कर, लढाया आणि इन्क्विझिशन यांमुळे दक्षिणेकडे कानडा प्रांतात गेले. त्या भागातल्या समाजात रोमन लिपीतली हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि त्यांच्याच आधारे जोसेफ साल्डान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीतले एक हस्तलिखित लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, मार्सडेन संग्रहात सापडले. २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्कांव यांनी देवनागरी पाठ आणि आजच्या मराठीतला अनुवाद एकत्र प्रसिद्ध केला.

या माणसांना तो उतरवून काढण्याची सक्ती कोणी केली नव्हती. १६१६ मध्ये हे पुराण वरून दिलेले होते, यावर वाद घालता येतो. हस्तलिखिते करणाऱ्या हातांनी मात्र ते निवडले होते.

२१/
पेंटेकॉस्टनंतर मोठे सण नसलेले रविवार सुरू होतात. आज त्यांना सामान्य काळ म्हणतात. कोकणात हाच काळ सर्वांत असामान्य : पेरणी, लावणी, पूर, आणि मग पहिले कणीस. रोमच्या पंचांगाकडे या ऋतूसाठी काही नव्हते. तेव्हा लोकांनी आपले आणले.

साष्टीतल्या राय गावचे चर्च ‘बर्फाच्या माउली’चे आहे. ५ ऑगस्ट हा तिचा दिवस. रोममधल्या एका टेकडीवर ऐन उन्हाळ्यात बर्फ पडले, या आख्यायिकेवरून आलेला. राय गावात त्या दिवशी कोणाच्या डोळ्यांसमोर बर्फ नसते. तिथे कणसांचे फेस्त असते. भाताची नवी कणसे कापून आणतात, त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि ती घरोघरी जातात. मंगळूरकडे हाच सोहळा ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी होतो आणि घरात नवे जेवतात. वसईत ऑक्टोबरमध्ये आगेरा होतो.

नवान्नाचा हा सण बाप्तिस्म्याहून जुना आहे. त्याला पंचांगात जागा हवी होती. ती लोकांनी शोधून काढली.

२२/
लॅटिनचा पडदा पुढे दूर झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, मिस्सा लोकभाषांत होऊ लागली. १९६९ च्या सुधारणेनंतर रविवारच्या वाचनांचे चक्र एका वर्षाऐवजी तीन वर्षांचे झाले : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. वसईत शुभवर्तमान मराठीत वाचले जाते, गोव्यात कोकणीत. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठीत ख्रिस्ती कथा सांगण्याची परवानगी आता कोणत्याही व्हाइसरॉयकडून घ्यावी लागत नाही.

२३/
आता पुन्हा त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाकडे. आमची पुराणे नेलीत, तर दुसरी का देत नाही?

इतिहासाचे तरुण वाचक क्रिस्तपुराणापाशी येतात तेव्हा त्यांना बहुधा दोन तयार उत्तरे दिली जातात. एक म्हणते, हे मराठीवरचे निर्व्याज प्रेम आहे. दुसरे म्हणते, हे धर्मांतराचे हत्यार आहे. दोन्ही उत्तरांना पुरावा आहे, आणि दोन्ही उत्तरे प्रश्नाचा अर्धाच भाग ऐकतात. पहिले उत्तर ‘नेलीत’ हा शब्द वगळते. दुसरे ‘द्या’ म्हणणारा माणूस वगळते.

त्या माणसाला वगळले की साष्टीतले ख्रिस्ती लोक केवळ बळी ठरतात; त्यांच्या चारशे वर्षांच्या निवडीला अर्थच राहत नाही. त्याचे गमावणे वगळले, तर पाडलेल्या देवळांवर ओव्यांची चादर पसरल्यासारखे होते.

२४/
वर्षाच्या वाटेने चालले की हा ग्रंथ एका दिवसाचा निकाल राहत नाही. आगमनात तो प्रतीक्षा आहे, डिसेंबरच्या अखेरीस नदी ओलांडणे आहे, शुभ शुक्रवारी कुंकळ्ळी आहे, पेंटेकॉस्टला बंदी घातलेली भाषा आहे आणि ऑगस्टमध्ये भाताचे कणीस आहे. तेच उतारे दरवर्षी परत येतात; ऐकणारे मात्र दरवर्षी एका वर्षाने पुढे गेलेले असतात.

नोव्हेंबर सरतो, मळणी संपते, आणि अंजिराच्या पालवीचा तो उतारा पुन्हा वाचला जातो. कुठल्याशा घरातल्या पेटीत रोमन अक्षरांतली जीर्ण वही कुणीतरी पुन्हा उतरवून ठेवलेली असते. राशोलच्या छापखान्यातली मूळ पाने गेली. राहिली ती वही.